लातूर-द-फ्रान्स : सायकलवरून वाचलेली एक सीमा

शीर्षक वाचून काही जणांना वाटलं असेल की पत्रिकेत छपाईची चूक झाली आहे. चूक नाही. लातूरपाशी मी शेवटी येईन, तोवर धीर धरा.

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, तुम्ही पुस्तकांची समीक्षा करता, प्रवासाची करता येईल का?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न काही पाठ सोडेना. प्रवासाची समीक्षा करता येत नसेल. पण प्रवासाविषयी जे लिहिलं जातं, रस्त्याकडेला जी पाटी उभी केली जाते, नकाशावर जे नाव छापलं जातं, त्याची करता येते. करायलाच हवी, कारण आपण आधी पाटी वाचतो आणि मग डोंगर बघतो. भर्तृहरीनं हे फार पूर्वी सांगून ठेवलं आहे : शब्दाचा स्पर्श नसलेलं ज्ञान आपल्याला होतच नाही. मग तो शब्दच चुकीचा असला तर काय होतं? आजचा विषय तेवढाच आहे.

माझा मुलगा नोकरीनिमित्त दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझला असतो. पक्का सायकलवाला. इथं पुण्या-मुंबईतली मुलं दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या 'ब्रेव्हे' करतात ना, ते वेड मूळचं त्या देशातलं. 2023 च्या सप्टेंबरात तो म्हणाला, "बाबा, चार दिवस किल्ल्यांच्या वाटेनं जाऊ." मी तेव्हा बहात्तर वर्षांचा. माझी शेवटची नियमित सायकल म्हणजे काळी, चोवीस इंची, मागं कॅरियर, पुढं डायनामोचा दिवा. त्यानं माझ्यासाठी बॅटरीची मदत असलेली सायकल भाड्यानं घेतली. हे आधीच कबूल करतो, नाहीतर पुढं मी चढांविषयी बोलायला लागलो की तुम्हाला माझ्याविषयी नको तेवढा आदर वाटायचा. (हशा)

प्रदेश कुठला ते सांगतो. कार्कासॉन आणि पेरपिन्यां या दोन शहरांच्या मधे कॉर्बिएर नावाचे डोंगर आहेत आणि त्यांच्या दक्षिणेला फनूइयेद नावाची लांबट दरी आहे. चुनखडीच्या उभ्या धारा, पायथ्याशी द्राक्षांचे मळे, आणि शंभर-दोनशे उंबऱ्यांची गावं. धारेवर किल्ले. केरिबुस, पेरपेर्तूझ, प्विलोरांस, तेर्म, आगिलार : या पाचांना तिकडे 'कार्कासॉनचे पाच पुत्र' म्हणतात. केरिबुस 728 मीटरवर, सुळक्याच्या टोकावर अंगुस्तान घालावं तसा बसलेला. पेरपेर्तूझ तर लांबच लांब धारेवर पसरलेला, आपल्या भाषेत सांगायचं तर माची वेगळी आणि बालेकिल्ला वेगळा. आपल्या माणसाला हे बघताना परकं वाटत नाही. टाकी दिसली की आपण आधी पाणी आहे का ते बघतो. तट दिसला की जंग्या शोधतो.

आता पाटी. त्या जिल्ह्यात शिरलं की रस्त्याकडेच्या पाट्या, माहितीपत्रकं, बाटल्यांवरची लेबलं सगळी एकच गोष्ट सांगतात : तुम्ही 'कॅथरांच्या देशात' आहात आणि वर दिसतात ते 'कॅथर किल्ले'. मुलानं सायकलस्वारांसाठी लिहिलेलं एक मार्गदर्शक पुस्तक बरोबर घेतलं होतं. लेखकाचं नाव घेत नाही, कारण तो एकटा दोषी नाही, सगळेच तसं लिहितात. त्यात होतं की या अभेद्य किल्ल्यांत धर्मद्रोही ठरवलेल्या लोकांनी शेवटपर्यंत झुंज दिली, आणि तुम्हीही तसंच झुंजत वर पोचाल. गोष्ट सुंदर आहे. फक्त ती त्या दगडांची नाही.

थोडा इतिहास सांगतो. कॅथर म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकातली त्या मुलखातली एक ख्रिस्ती धारा. ते स्वतःला कॅथर म्हणवत नसत, 'भली माणसं', 'भले ख्रिस्ती' असं म्हणत. हे दृश्य जग सैतानाच्या हातचं आहे अशी त्यांची समजूत. त्यांच्यातले दीक्षित लोक मांस खात नसत, शपथ घेत नसत. चर्चनं त्यांना पाखंडी ठरवलं आणि 1209 मध्ये पोपच्या आज्ञेनं त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध सुरू झालं. त्याच वर्षी जुलैत बेझिए शहरात कत्तल झाली. 1210 मध्ये सिमों द माँफोरनं तेर्मच्या किल्ल्याला सुमारे चार महिने वेढा घातला. आतलं पाणी संपलं, मग पाऊस आला, टाकी भरली, आणि त्या पाण्यानं हगवण लागून किल्ला पडला. युद्ध 1229 मध्ये तहानं संपलं, माणसांची शिकार नंतरही चालू राहिली. 16 मार्च 1244 ला माँसेगूरच्या पायथ्याशी दोनशेहून अधिक माणसं जिवंत जाळली. 1255 मध्ये केरिबुस पडला. तो त्यांचा शेवटचा आसरा समजला जातो.

इथपर्यंत पाटी बरोबर आहे. पुढं काय झालं? 1258 मध्ये कॉर्बेय इथं फ्रान्सचा राजा नववा लुई आणि आरागॉनचा राजा जाउमे यांच्यात तह झाला. दोघांनी एकमेकांच्या मुलखावरचे जुने हक्क सोडले आणि दोन राज्यांची सीमा या डोंगरांच्या दक्षिणेनं ठरली. मग फ्रान्सच्या राजानं हाती आलेले किल्ले सीमेवरचे ठाणे म्हणून नव्यानं बांधून काढले, तट घातले, शिबंदी ठेवली. आज आपण ज्याचा फोटो काढतो ते बांधकाम बहुतांशी या काळातलं आहे. पेरपेर्तूझचा वरचा कोट, ज्याला सान जोर्दी म्हणतात, तिथं चढणारा कड्यातला जिना लुईच्याच हुकमातला. माँसेगूरला आज उभ्या असलेल्या भिंतीसुद्धा 1244 नंतरच्या.

म्हणजे काय झालं बघा. ज्यांना जाळलं त्यांच्या नावानं आपण ज्यांच्या फौजांनी जाळलं त्यांचे किल्ले ओळखतो.

हे मला पहिल्यांदा कळलं ते ग्रंथालयात नव्हे, ग्रो द मोरी नावाच्या खिंडीच्या चढावर. म्हणजे वाचलेलं होतं, पण कळलं तिथं. मोरी हे दरीतलं द्राक्षांचं गाव. तिथून खिंड 432 मीटरवर, अडीचएकशे मीटरचा चढ. फार नाही, आपला कात्रजचा घाट चढणारे हसतील. पण तिथं त्रामोंतान नावाचा वायव्येचा वारा सुटतो, आणि तो उत्तरेकडे चढणाऱ्याच्या बरोब्बर तोंडावर. बॅटरी असूनही माझा वेग माणूस झपाझप चालेल तेवढाच होता. आणि त्या संबंध चढावर केरिबुस डोळ्यांसमोरून हलत नाही. झाडीमागं जातो, वळणावर पुन्हा समोर. गाडीतून येणाऱ्याला तो दोनदा दिसतो. सायकलवाल्याला तो तासभर बघत असतो. मी त्याला बघत होतो असं म्हणवत नाही. मान खाली घालून पॅडल मारताना माझ्या मनात आलं की ही जागा लपण्याची नव्हे, पाळत ठेवण्याची आहे. आणि पाळत कुणावर, तर माझ्यावर, दक्षिणेकडून येणाऱ्यावर.

मर्लो-पाँतीनं 1945 च्या आपल्या ग्रंथात म्हटलं आहे ते हेच की अवकाश आपल्याला आधी डोक्यानं कळत नाही, शरीराला 'जमतं' किंवा 'जमत नाही' या भाषेत कळतो. चढ किती टक्के ते यंत्र सांगतं. या वाटेनं दाणागोट्याच्या बैलगाड्या वर न्यायला किती माणसं लागत असतील ते पोटऱ्या सांगतात.

पण इथं मी स्वतःलाच थांबवतो, कारण अशा अनुभवाच्या जोरावर फार पुढं गेलं की माणूस भोंदू होतो. केरिबुसची जागा तेराव्या शतकात निवडलेली नाही. तिथं अकराव्या शतकापासून किल्ला आहे, आणि त्या जुन्या किल्ल्यात पळून आलेल्या भल्या माणसांना खरोखरच आसरा मिळाला होता. पेरपेर्तूझची खालची बाजूही जुनी. तेव्हा पायांना जागेचा स्वभाव कळतो, भिंतीचं साल कळत नाही. साल कागदपत्रांतून आणि उत्खननातूनच कळायचं. सायकल ही इतिहासाची जागा घेऊ शकत नाही. ती फक्त शंका घ्यायला शिकवते. पण ती शंका घेण्याची संधी ज्याला सगळ्यात जास्त आहे तोच सायकलस्वार लिहायला बसला की पाटीवरचंच उतरवून काढतो, ही माझी खरी तक्रार.

असं का होत असावं? मला वाटतं याचं एक कारण सायकलच्या लेखनाला मिळालेल्या वारशात आहे. रोलां बार्तचा 'तूर द फ्रान्स' शर्यतीवरचा निबंध तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. 'मिथोलोजी' या 1957 च्या पुस्तकात तो आहे. बार्त म्हणतो की ही शर्यत म्हणजे महाकाव्य आहे. तिच्यात भूगोल होमरच्या काव्यासारखा वागतो, माणसं निसर्गासारखी होतात आणि डोंगर माणसांसारखे. व्हाँतू पर्वत त्याला बळी मागणाऱ्या दुष्ट देवासारखा दिसतो. फार चलाख निबंध आहे, मी वर्गात तो वर्षानुवर्षं शिकवला. पण त्या महाकाव्यात राहणारं कुणी नाही. डोंगर आहे, वीर आहे, घाम आहे. डोंगराखालचं गाव, तिथली शाळा, दुकान, पाण्याचा नळ यांना जागा नाही. बार्तला ते माहीत होतं, तो मिथकाचीच चिकित्सा करत होता. त्याच्यामागून आलेल्या हौशी लेखकांनी चिकित्सा सोडली आणि मिथक तेवढं ठेवलं.

भाषा बघा. फ्रेंच समालोचक सायकलपटूनं वेग वाढवला की त्याला 'आताक' म्हणतात, म्हणजे हल्ला. आपल्याकडे आणखी गंमत आहे. आपण गडही 'सर' करतो आणि घाटही 'सर' करतो, क्रियापद एकच. परवा एका मुलानं मला आपल्या सहलीचं वर्णन पाठवलं, त्यात एका दिवसात तीन किल्ले 'सर' केले होते. मी कळवलं, अभिनंदन, शिबंदी कुणाची होती? (हशा) वेढ्याची भाषा वापरली की आपण आपोआप वेढा घालणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो. आणि मग त्याच परिच्छेदात वेढ्यात मेलेल्यांसाठी हळहळतो. तेर्मच्या पायथ्याशी उभं राहून 'आम्ही तेर्म जिंकला' म्हणणारा माणूस माँफोरचं वाक्य बोलतो आहे, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

सायकलवर लिहिण्याची दुसरी एक परंपरा आहे, ती विसरली जाते. पॉल द व्हिव्ही नावाचा गृहस्थ होता, 1853 चा जन्म, सगळे त्याला व्हेलोसिओ म्हणत. सेंत-एतिएनला राहून त्यानं 1887 मध्ये सायकलवरचं मासिक काढलं आणि आयुष्यभर दोन गोष्टींचा प्रचार केला : गिअर आणि निवांत भटकंती. आज हे हास्यास्पद वाटेल, पण गिअर बदलणं हे त्या काळी मर्दपणाच्या विरुद्ध मानलं जाई. 'तूर द फ्रान्स'चा संस्थापक आंरी देग्रांज गिअर बदलण्याच्या यंत्रणेच्या ठाम विरोधात होता, आणि शर्यतीत सर्वांना ती वापरायची मुभा मिळाली ती थेट 1937 मध्ये. व्हेलोसिओ तोवर वारला होता. मला हा वाद तत्त्वज्ञानाचा वाटतो. मोठ्या दात्यावर चेन ठेवून दात-ओठ खात चढणाऱ्याला डोंगर म्हणजे अडथळा. बारीक गिअरवर पाय हलके ठेवून चढणाऱ्याची मान वर असते, त्याला भिंत दिसते, बांध दिसतो, बांधावरची बाई दिसते. माझी बॅटरी म्हणजे त्या गिअरचीच नात समजा. माझ्या मुलाला हे मान्य नाही.

आता या लेखनातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. सायकलच्या पुस्तकांत या प्रदेशाची एक स्तुती ठरलेली असते : रस्ते रिकामे आहेत. खरंच रिकामे आहेत. दुएक गावांमधल्या रस्त्यावर आम्हाला एका तासात तीन गाड्या भेटल्या, आणि मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी एका गावात पाव घ्यायला थांबलो तर बेकरी बंद. आज सुट्टी म्हणून नव्हे, कायमचीच. घरांच्या खिडक्यांना लाकडी झडपा, त्यातल्या निम्म्या कधी उघडत असतील असं वाटेना. ज्याला सायकलस्वार शांतता म्हणतो ती गाव सोडून गेलेल्यांची अनुपस्थिती आहे. कोकणातली कुलूपबंद घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे मी समजावून सांगायला नको.

आणि ज्याला तो 'रानटी सौंदर्य' म्हणतो? उतारांवर खुरटी झुडपं, रोझमेरीचा वास, मधे मधे दगडी बांध. ते बांधच सांगतात की हे रान नाही, सोडून दिलेली शेती आहे. तिथं वेली होत्या. वाईनचा खप घटला, दुष्काळ पडले, सरकारनं वेली उपटण्यासाठी पैसे दिले, मळे गेले. मळा म्हणजे आगीच्या वाटेतली मोकळी हिरवी पट्टी असते. ती गेली की झुडपांचा सलग गालिचा उरतो. 5 ऑगस्ट 2025 ला आम्ही गेलो होतो त्याच्या थोडं उत्तरेला, कॉर्बिएरमध्येच रिबोत गावापाशी आग लागली आणि सुमारे सोळा हजार हेक्टर जळलं. एक स्त्री घरात जळून गेली. बातमी आली त्या रात्री मी मुलानं काढलेले फोटो पुन्हा उघडले. त्यातली झुडपं मला तेव्हा देखणी वाटली होती. आता मी त्या फोटोंत उपटलेल्या वेली शोधत होतो.

तुम्ही म्हणाल, सर, किल्ल्यांच्या नावाचा आणि मळ्यांचा काय संबंध? संबंध मोरीतल्या एका द्राक्षवाल्यानं मला समजावला. सत्तरीचा माणूस, माझ्याच वयाचा. मोरीला गडद, गोडसर वाईन होते, त्या गावाच्या नावाला 1936 पासून कायद्याचं संरक्षण आहे. मी मोडक्या फ्रेंचमध्ये त्याला विचारलं, वरचा किल्ला कॅथरांचा नाही हे तुम्हाला माहीत असेलच. तो म्हणाला, शाळेतली पोरंसुद्धा जाणतात. मग पाटी का? त्यानं माझ्या सायकलकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "तुम्ही पुण्याहून 'तेराव्या शतकातली फ्रेंच राजसत्तेची सीमासंरक्षण व्यवस्था' बघायला आला असतात का?"

मला उत्तर देता आलं नाही. आलो नसतो. मी त्याच्याकडून दोन बाटल्या घेतल्या. ज्या गावात बेकरी टिकत नाही तिथं खोट्या नावावर तीन खानावळी चालत असतील, तर नाव दुरुस्त करा असं पुण्याच्या खुर्चीतून सांगणं सोपं आहे. सत्याचा आग्रह धरणाऱ्यानं त्याचं बिल कोण भरतं ते बघितलं पाहिजे.

तरी मी आग्रह सोडत नाही, आणि त्याचं कारण जाळलेली माणसं आहेत. हे मिथक कुणी लबाडीनं रचलं असं नाही. 1870 च्या सुमारास नापोलेओं पेरा नावाच्या प्रोटेस्टंट पाद्र्यानं अल्बिगेन्सियन लोकांचा इतिहास लिहिला, आणि माँसेगूरला एखाद्या हुतात्म्यांच्या मंदिराचं रूप दिलं. त्याच्या मनात हरलेल्यांविषयी करुणा होती. 1966 मध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीवर कॅथरांवर एक नाट्य-मालिका झाली, तिनं ती करुणा घराघरांत नेली. पर्यटन तिच्यामागून आलं. म्हणजे मूळ प्रेरणा चांगली, हरलेल्यांना काहीतरी द्यावं. पण दिलं काय? जिंकणाऱ्याचा किल्ला. आणि तो देताना दोन गोष्टी काढून घेतल्या. एक म्हणजे त्यांची साधी राहणी. ही माणसं मुख्यतः गावांत, घरांत, विणकरांच्या आणि मेंढपाळांच्या संगतीत राहणारी होती, तट-बुरुजांची नव्हती. दुसरी म्हणजे राजाची जबाबदारी. किल्ला कॅथरांचा म्हटला की तो कुणी बांधून घेतला, का, या मुलखाची भाषा आणि सत्ता त्यानंतर कुठं गेली, हे विचारायची गरजच उरत नाही.

त्यांना भेटायचं तर कुठं भेटायचं? दुर्दैवानं त्यांच्या छळणाऱ्यांच्या दप्तरात. झाक फुर्निए नावाचा बिशप, जो पुढं पोप झाला, त्यानं 1318 ते 1325 या काळात पामिएच्या परिसरातल्या लोकांच्या जबान्या घेतल्या आणि बारकाईनं लिहून ठेवल्या. त्यांवरून एमान्युएल ल रुआ लादुरीनं 1975 मध्ये 'माँतायू' हे पुस्तक लिहिलं. एका डोंगरी गावात कोण कुणाकडे जेवायला जाई, कोण कुणाच्या उवा काढी, मेंढपाळ मेंढ्या घेऊन पिरेनीज ओलांडून कधी जात, सगळं त्यात आहे. मला विचाराल तर या मुलखात सायकलनं जाणाऱ्यानं खिशात हे पुस्तक न्यावं. जाडजूड आहे, कॅरियरला बांधा.

जाता जाता आपल्याकडचं एक. जुलै 2025 मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. फ्रान्सनंही 2017 मध्ये कार्कासॉन आणि तिचे डोंगरी पहारेकरी किल्ले असा प्रस्ताव आपल्या संभाव्य यादीत घातला, आणि त्या शीर्षकात 'कॅथर' हा शब्द नाही. जगासमोर अर्ज करताना खरं नाव, रस्त्यावर विकायला दुसरं नाव! आपल्या यादीचं शीर्षक मराठ्यांचा लष्करी भूप्रदेश असं आहे, आणि ते मला आवडतं. कारण ते दगड कुणी रचला यापेक्षा किल्ल्यांचं जाळं कसं वापरलं गेलं यावर बोट ठेवतं. 1630 मध्ये शिवाजी महाराज शिवनेरीवर जन्मले तेव्हा तो निजामशाहीतला किल्ला होता. हे सांगितल्यानं महाराज कमी होत नाहीत, उलट त्यांनी कशातून काय उभं केलं ते कळतं. पण पायथ्याच्या पाटीवर हे लिहिलेलं तुम्ही कधी वाचलंय? मी नाही वाचलं.

आता लातूर. चौथ्या दिवशी आम्ही आग्ली नदीच्या कडेनं निघालो. एस्ताजेल नावाचं गाव लागलं, शास्त्रज्ञ फ्रांस्वा आरागोचं जन्मगाव. तिथून जेमतेम चार-पाच किलोमीटरवर पुढचं गाव. सपाट रस्ता, दोन्हीकडे वेली, मागून वारा नाही, पुढून वारा नाही. गावाच्या वेशीवर पाटी होती. तिचा फ्रेंच उच्चार जसाच्या तसा देवनागरीत लिहिला तर होतो 'लातूर-द-फ्रान्स'. फ्रान्सचा बुरूज! शर्यतीशी संबंध नाही. 1258 नंतर एस्ताजेल आरागॉनचं आणि हे गाव फ्रान्सचं. सीमेवरचा अलीकडचा बुरूज म्हणून हे नाव. एस्ताजेलकडची कातालान माणसं पलीकडच्यांना 'गबाच' म्हणत, जवळपास आपल्याकडे मुंबईत 'घाटी' म्हणतात त्या सुरात. चारशे वर्षं दोन राज्यं त्या चार-पाच किलोमीटरांत संपत आणि सुरू होत होती. 1659 मध्ये पिरेनीजचा तह झाला, सीमा दक्षिणेला डोंगरांच्या माथ्यावर गेली, आणि धारेवरचे सगळे किल्ले एका कागदानं निकामी झाले. कुणी जिंकले नाहीत, पाडले नाहीत. त्यांच्यासमोरची सीमाच उठून गेली.

मी सायकलवरून उतरून ती जागा शोधत मागं चालत गेलो. ओढा नाही, दगड नाही, काही नाही. मुलाच्या हँडलवरच्या यंत्रात चढ शून्य टक्के, वेग, नाडीचे ठोके सगळं होतं. "बाबा, काय शोधताय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, आरागॉन. त्यानं यंत्रात बघितलं आणि म्हणाला, इथं दाखवत नाही.

मग त्यानं मला त्या पाटीखाली उभं करून फोटो काढला आणि घरच्या गटावर टाकला. पाच मिनिटांत माझ्या लातूरच्या आतेभावाचा निरोप आला : "फ्रान्सच्या लातूरला जाऊन आलास, आता आमच्या लातूरला कधी येतोस? येताना सायकल आणू नको, रस्त्याचं काम चालू आहे."

प्रश्न असतील तर घेऊ. माइक मागं द्या, तिकडे हात वर दिसतोय.